स्वच्छ वाहनांवरील सवलती व कर : भाजीपाला पिकविणाऱ्यानें करावयाचा हिशेब

माल पिकविणें हें शेतीचें अर्धें काम होय. तो वेळेवर व थोडक्या खर्चांत बाजारीं पोंचविणें हें उरलेलें अर्धें. मुरबाड व शहापूर तालुक्यांतील भेंडी, काकडी, वांगीं व पालेभाज्या पहांटेच्या सुमारास कल्याणच्या बाजार समितीच्या आवारांत, ठाण्याच्या मंडईंत किंवा डोंबिवलीच्या विक्रेत्यांकडे येतात. पूर्वीं असा माल बैलगाडीनें व आगगाडीनें येई. आतां तो बहुतेक टेंपोनें येतो. टेंपो घेणें ही शेतकऱ्याच्या घरांत जमीन व विहीर यांच्या खालोखालची मोठी खरेदी असते. ती चुकली तर आठदहा वर्षें त्या चुकीचा भार वाहावा लागतो.

अलीकडे या खरेदींत एक नवी गोष्ट शिरली आहे. धूर न सोडणाऱ्या, म्हणजे विजेवर चालणाऱ्या, वाहनांस सरकार कर माफ करितें व कांहीं अनुदानही देतें. आणि डिझेलच्या व जुन्या वाहनांवर कर बसवितें. विक्रेता सवलतींची यादी मोठ्या उत्साहानें वाचून दाखवितो. परंतु त्या यादींतील कोणती सवलत टिकाऊ, कोणती मुदतीची, कोणती आपल्या मालवाहू गाडीस लागू आणि कोणती केवळ मोटारवाल्यास लागू, हें खरेदीदारास सहसा उमगत नाहीं. तें समजावून देणें व शेवटीं हिशेबाची एक रीत दाखविणें, इतकाच या लेखाचा हेतु आहे.

१. सरकारनें यांत कां पडावें?

डिझेल जाळणारा मनुष्य डिझेलची किंमत देतो; धुराची किंमत देत नाहीं. ती रस्त्याकांठीं राहणारे लोक आपल्या छातीनें भरतात. मुंब्रा वळणरस्त्यानें न्हावाशेवा बंदराकडून भिवंडीच्या वखारींकडे व नाशिककडे जाणाऱ्या अवजड गाड्यांची रांग ज्यांनीं पाहिली आहे, त्यांस याचें निराळें वर्णन नको. शेतकऱ्याचाही यांत संबंध आहे. इंजिनाच्या धुरांतील नत्राचे वायु उन्हांत इतर वायूंशीं मिसळून जमिनीलगत ओझोन तयार करितात, आणि हा ओझोन गहूं, भात व कडधान्यें यांच्या पानांस अपायकारक असून उत्पन्न घटवितो, हें शास्त्रज्ञांनीं सिद्ध केलें आहे.

ज्याची किंमत कोणी देत नाहीं, अशी हानि कमी करण्याचे सरकारपाशीं दोन मार्ग असतात : जुन्या राजनीतींतले दाम व दंड. स्वच्छ वाहनास पैसा किंवा माफी देणें हा दाम. धुराच्या वाहनावर कर वाढविणें हा दंड. नॉर्वे देशानें हे दोन्ही मार्ग मोठ्या चिकाटीनें चोखाळले. तेथें विजेच्या मोटारींवरील खरेदी-कर १९९० सालीं उठविला गेला, २००१ पासून मूल्यवर्धित करही माफ झाला, आणि पेट्रोल-डिझेलच्या मोटारींवर मात्र जबर कर कायम राहिला. त्याचें फळ असें कीं, २०२४ सालीं त्या देशांत विकल्या गेलेल्या दर शंभर नव्या मोटारींपैकीं सुमारें ८९ विजेच्या होत्या. याउलट जर्मनींत डिसेंबर २०२३ मध्यें सरकारनें अनुदान अकस्मात् बंद केलें, आणि पुढील वर्षीं विजेच्या मोटारींची विक्री चतुर्थांशाहून अधिक घटली. यावरून एक गोष्ट लक्षांत येते. जी सवलत वर्षानुवर्षें स्थिर राहते, तिच्यावर लोक विश्वास ठेवून खरेदी करितात. जी एका रात्रींत येते व जाते, तिच्यामागें फक्त धांवपळ होते. आपल्याकडील सवलती या कसोटीस लावून पाहूं.

२. खरेदीच्या वेळचे कर

(अ) वस्तु व सेवा कर. — विजेच्या वाहनांवरील हा कर १ ऑगस्ट २०१९ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणला गेला. त्या वेळीं डिझेलच्या तीनचाकी व मालवाहू गाड्यांवर २८ टक्के कर होता. म्हणजे दोहोंत २३ टक्क्यांचें अंतर होतें. पुढें २२ सप्टेंबर २०२५ पासून तीनचाकी व मालवाहू वाहनांवरील कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला, आणि हें अंतर १३ टक्क्यांचें झालें. विजेच्या गाडीची सवलत कोणी काढून घेतली नाहीं. परंतु समोरची गाडी स्वस्त झाल्यानें तुलनेचा लाभ कमी झाला. व्यापाऱ्यास हा कर पुढें वळता करून घेतां येतो. शेतकरी या कराखालीं नोंदलेला नसल्यामुळें त्यास तो पुरता सोसावा लागतो. सबब त्याच्या दृष्टीनें ही टक्केवारी महत्त्वाची आहे.

(आ) मोटार वाहन कर. — हा राज्याचा कर असून तो १९५८ च्या महाराष्ट्र मोटार वाहन कर कायद्याखालीं घेतला जातो. हलक्या मालवाहू गाड्यांवर तो पूर्वीं वजनाच्या मानानें आकारला जात असे. १ जुलै २०२५ पासून ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाड्यांस किमतीच्या ७ टक्के असा एकरकमी कर लागू झाला. सहा लाखांच्या टेंपोवर हा कर ४२,००० रुपये होतो व दहा लाखांच्या गाडीवर ७०,००० रुपये. राज्याच्या २०२५ च्या विद्युत् वाहन धोरणाप्रमाणें विजेच्या वाहनांस हा कर माफ आहे. या धोरणाची मुदत १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०३० अशी आहे. आमच्या मतें शेतकऱ्याच्या दृष्टीनें सर्व सवलतींत हीच सर्वांत भक्कम. कारण ती अर्ज, यादी व मंजुरी यांच्यावर अवलंबून नसून नोंदणीच्या वेळींच हातीं पडते.

येथें एक विसंगति नजरेस आणणें जरूर आहे. माफी किमतीच्या प्रमाणांत असल्यामुळें जितकी गाडी महाग तितकी माफी मोठी. पंधरा लाखांच्या पेट्रोल मोटारीस १२ टक्के दरानें १,८०,००० रुपये कर पडतो. तेवढ्याच किमतीची विजेची मोटार घेणारा शहरवासी ही सारी रक्कम वांचवितो. पहांटे भाजी वाहून नेणाऱ्याची बचत त्याच्या चौथ्या हिश्श्याच्या आंतबाहेर राहते. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पांत तीस लाखांवरील विजेच्या मोटारींस ६ टक्के कर लावण्याची सूचना होती. ती त्याच महिन्यांत मागें घेण्यांत आली. जी रक्कम अशा श्रीमंती वाहनांवर सोडली जाते, तिचा कांहीं अंश मालवाहू वाहनांकडे वळविला तर धूरही अधिक कमी होईल; कारण खाजगी मोटार दिवसाचा बहुतेक काळ उभीच असते, आणि टेंपो रोज चालतो.

३. अनुदानें व त्यांच्या मुदती

केंद्र सरकारची ‘फेम’ नांवाची पहिली योजना १ एप्रिल २०१५ रोजीं सुरू झाली. दुसरी एप्रिल २०१९ ते मार्च २०२४ पर्यंत चालली. दुसऱ्या योजनेंत दुचाकींस बॅटरीच्या दर किलोवॅट-तासामागें १५,००० रुपये मिळत; जून २०२३ पासून ते १०,००० वर आले, आणि किमतीच्या ४० टक्क्यांची कमाल मर्यादा १५ टक्के झाली. (किलोवॅट-तास म्हणजे वीजबिलांतील एक युनिट होय.) त्यानंतर १ ऑक्टोबर २०२४ रोजीं १०,९०० कोटींची ‘पी. एम. ई-ड्राइव्ह’ योजना आली. तींत पहिल्या वर्षीं दर युनिटामागें ५,००० व दुसऱ्या वर्षीं त्याच्या निम्मे, म्हणजे २,५०० रुपये, असा उतरता क्रम ठरविला होता. ऑगस्ट २०२५ मध्यें या योजनेची एकूण मुदत मार्च २०२८ पर्यंत वाढविली गेली. पण दुचाकी व तीनचाकींच्या अनुदानाची अखेर ३१ मार्च २०२६ हीच ठेवण्यांत आली.

राज्याचेंही तसेंच आहे. २०२१ च्या धोरणांत तीनचाकी मालवाहू वाहनास कमाल ३०,००० रुपये ठरले होते, तेही पहिल्या १०,००० वाहनांपुरते. २०२५ च्या धोरणांत दुचाकी व तीनचाकींस मूळ किमतीच्या १० टक्के, परंतु अनुक्रमें १०,००० व ३०,००० रुपयांच्या आंत, असें अनुदान आहे. आणि प्रत्येक प्रकारच्या वाहनांस संख्येची मर्यादा आहेच.

या साऱ्या इतिहासांतून काय घ्यावयाचें? अनुदान हें पावसाळ्यांतल्या ओढ्यासारखें आहे. पाणी असेल तेव्हां घ्यावें. पण त्याच्या भरंवशावर बागायत लावूं नये. खरेदीच्या दिवशीं त्या प्रकारच्या वाहनास अनुदान चालू आहे काय, संख्या संपली आहे काय, आणि रक्कम बिलांतच वजा होते कीं मागाहून मिळते, हीं तीन उत्तरें विक्रेत्याकडून लेखी घ्यावीं. तोंडी शब्दावर कर्ज काढूं नये.

४. जुन्या गाडीवरील कर व मोडीची सूट

महाराष्ट्रांत २०१० सालापासून जुन्या वाहनांवर पर्यावरण कर आहे. भाड्याच्या व मालवाहू वाहनांस तो आठ वर्षांनंतर, आणि खाजगी वाहनांस पंधरा वर्षांनंतर लागतो. यामागील तत्त्व योग्य आहे. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा या प्रमाणाचींच नवीं वाहनें विकलीं जातात, आणि त्यांचा धूर पूर्वींच्या गाड्यांच्या मानानें पुष्कळच कमी असतो. म्हणून ज्यास विजेची गाडी परवडत नाहीं, त्यानें जुना धुरकट टेंपो काढून नवा डिझेलचा किंवा सीएनजीचा घेतला, तरी हवेवर कांहीं उपकार होतोच. ठाणें, कल्याण व डोंबिवली भागांत सीएनजीचे पंप असल्यामुळें पुष्कळ टेंपोवाले हाच मधला मार्ग धरितात, आणि त्यांस आम्ही दोष देत नाहीं.

जुनी गाडी नोंदणीकृत मोड-केंद्रांत दिल्यास प्रमाणपत्र मिळतें. ऑक्टोबर २०२१ मध्यें केंद्रानें केलेल्या नियमांप्रमाणें तें दाखविणाऱ्यास नव्या गाडीच्या मोटार वाहन करांत राज्य सरकार सूट देऊं शकतें. मालवाहू व भाड्याच्या गाडीस कमाल १५ टक्के व खाजगी गाडीस २५ टक्के. मात्र एक बारकावा ध्यानांत ठेवावा. विजेच्या गाडीस मुळांत करच माफ असल्यानें करांतील ही सूट तिला कांहींच उपयोगाची नाहीं. ती डिझेल वा सीएनजीची नवी गाडी घेणाऱ्याच्याच पदरांत पडते. दोन्ही सवलती एकत्र मिळतील अशा समजुतीवर कोणीं हिशेब मांडूं नये.

५. इंधनावरील कर व पथकर

येथें सरकारचे दोन हात परस्परविरुद्ध दिशांस ओढतांना दिसतात. ३० जून २०२४ पर्यंत मुंबई, ठाणें व नवी मुंबई या महापालिकांच्या हद्दींत डिझेलवर राज्याचा मूल्यवर्धित कर २४ टक्के होता, व कल्याणसह इतरत्र २१ टक्के. ठाण्याचा टेंपोवाला कल्याणकडे माल उतरवून परततांना तिकडेच टाकी भरून घेई, हें स्वाभाविकच होतें. हद्दीवर बसविलेला कर हद्दीपलीकडे टळतो. १ जुलै २०२४ पासून तो सर्वत्र २१ टक्के झाला. त्यामुळें अन्याय दूर झाला हें खरें. परंतु विजेच्या वाहनास उत्तेजन देण्याचे दिवस चालू असतां दाट वस्तीच्याच भागांत डिझेल स्वस्त झालें, हेंही खरें.

पथकराचेंही असेंच. १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या पांचही प्रवेश-नाक्यांवर हलक्या मोटार वाहनांस पथकर माफ झाला. त्यांत ठाण्याकडील मुलुंडचे दोन नाके व ऐरोलीचा नाका येतात. सर्वांसच माफी मिळाल्यामुळें तेथें विजेच्या गाडीस वेगळा लाभ उरला नाहीं. ऑगस्ट २०२५ पासून अटल सेतूवर विजेच्या मोटारी व बसगाड्या यांस पथकर-माफी देण्यांत आली. पण तींतून विजेच्या मालवाहू गाड्या वगळल्या गेल्या. प्रवाशाची मोटार सुटावी व अन्नाची गाडी अडावी, याचें समर्थन करणें कठीण आहे. शेतकऱ्यांच्या संघांनीं एकमुखानें मागावी अशी ही पहिली दुरुस्ती होय.

६. वीज कोठून घ्यावयाची?

गाडी स्वस्त पडते कीं महाग, हें बहुतांशीं बॅटरी कोठें भरली जाते यावर अवलंबून आहे. या बाबतींत तीन सूचना आहेत.

पहिली : शेतीपंपाच्या जोडणीवरून गाडी भरूं नये. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांस २०२४ पासून बळीराजा योजनेखालीं मोफत वीज आहे. म्हणून हा मोह होणें साहजिक आहे. परंतु ज्या कामासाठीं जोडणी दिली त्याहून निराळ्या कामास वीज वापरणें हा २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १२६ खालीं अनधिकृत वापर ठरतो, व त्याची आकारणी दंडासह होते.

दुसरी : घरच्या मीटरवरून गाडी भरतां येते, पण घरगुती दर टप्प्याटप्प्यानें चढतात. महिन्यास शंभर युनिटें जाळणाऱ्या घरांत गाडीचीं तीनशें-साडेतीनशें युनिटें मिळालीं, म्हणजे हीं वरचीं सारीं युनिटें महागड्या टप्प्यांत पडतात. महावितरणच्या दरपत्रकांत विद्युत् वाहनांच्या चार्जिंगसाठीं निराळा वर्ग आहे. त्याखालीं स्वतंत्र जोडणी घेणें किती पडेल, याची चौकशी गाडी घेण्यापूर्वींच करावी.

तिसरी : भाजीची गाडी पहांटे जाते व दहा-अकराच्या सुमारास परतते. म्हणजे ऐन उन्हाच्या वेळीं ती दारांत उभी असते. सौर विजेस याहून सोयीचें गिऱ्हाईक नाहीं. फेब्रुवारी २०२४ मध्यें सुरू झालेल्या ‘सूर्यघर’ योजनेंत तीन किलोवॅटच्या छतावरील सौर संचास ७८,००० रुपये अनुदान ठरलें. असा संच दर किलोवॅटामागें दिवसास सुमारें चार युनिटें धरल्यास वर्षांत, आपल्याकडील पावसाळा वजा जातां, चार हजार युनिटांच्या आसपास वीज देतो. पुढें दिलेल्या हिशेबांत एका टेंपोस वर्षाकांठीं लागणारी वीजही तेवढीच आहे.

यांत स्वच्छतेचाही प्रश्न आहे. एक लिटर डिझेल जळून सुमारें २.६५ किलो कर्बवायु निघतो. लिटरास १८ किलोमीटर जाणारा टेंपो किलोमीटरामागें सुमारें १४७ ग्रॅम सोडतो. आपल्या देशांतील वीज अद्याप बहुतांशीं कोळशाची असून युनिटामागें सरासरी ०.७ किलोच्या जवळपास कर्बवायु निघतो. किलोमीटरास ०.२३ युनिट घेणारा विजेचा टेंपो त्या मानानें सुमारें १६१ ग्रॅमांस कारण होतो. म्हणजे कोळशाच्या विजेवर भरलेली गाडी बाजारपेठेंतील धूर खचित घालविते, पण कर्बवायूच्या दृष्टीनें दोहोंत मोठें अंतर राहत नाहीं. उन्हाच्या विजेवर भरलेली गाडीच दोन्ही अर्थांनीं स्वच्छ म्हणावी.

७. हिशेबाची रीत

आतां प्रत्यक्ष उदाहरण घेऊं. यांतील किमती व दर केवळ रीत दाखविण्यासाठीं धरले आहेत. प्रत्येकानें त्या जागीं आपले आंकडे घालावे.

मुरबाडकडील एका शेतकऱ्याचा टेंपो कल्याणास जाऊन येण्याचे साठ व गांवांत माल गोळा करण्याचे दहा, मिळून दिवसास ७० किलोमीटर चालतो. डिझेलचा टेंपो सहा लाखांस व विजेचा नऊ लाखांस मिळतो. डिझेल लिटरास ९० रुपये व चाल लिटरास १८ किलोमीटर. म्हणजे किलोमीटरास ५ रुपये. विजेस, चार्जिंगमधील तूट धरून, किलोमीटरास ०.२३ युनिट.

वर्षांत २५० फेऱ्या, म्हणजे १७,५०० किलोमीटर, झाल्यास :
डिझेलचा खर्च — ८७,५०० रुपये.
वीज ४,०२५ युनिटें, दर १० रुपये — ४०,२५० रुपये. बचत ४७,२५० रुपये.
तीच वीज, दर १५ रुपये — ६०,३७५ रुपये. बचत २७,१२५ रुपये.

वर्षांत १०० फेऱ्या, म्हणजे ७,००० किलोमीटर, झाल्यास :
डिझेलचा खर्च — ३५,००० रुपये.
वीज १,६१० युनिटें, दर १० रुपये — १६,१०० रुपये. बचत १८,९०० रुपये.

किमतींतील तफावत तीन लाख. त्यांतून डिझेलच्या गाडीस पडणारा ७ टक्के कर, ४२,००० रुपये, वजा केला म्हणजे २,५८,००० रुपये उरतात. ही जादा रक्कम बचतींतून फिटण्यास लागणारीं वर्षें येणेंप्रमाणें :

२५० फेऱ्या, वीज १० रुपये — सुमारें साडेपांच वर्षें.
२५० फेऱ्या, वीज १५ रुपये — सुमारें साडेनऊ वर्षें.
१०० फेऱ्या, वीज १० रुपये — साडेतेरा वर्षांहून अधिक.

समजा, ९०,००० रुपयांचें अनुदान खरोखरच हातीं आलें. मग पहिल्या उदाहरणांतील मुदत साडेतीन वर्षांच्या आसपास येते. पण तिसऱ्यांतील मुदत तरीही नऊ वर्षांच्या आसपासच राहते. कर्जाचें व्याज यांत धरलेलें नाहीं. तें धरल्यास मुदत वाढेल. उलट विजेच्या गाडीस तेलबदल, फिल्टर इत्यादि खर्च नाहीं. तो धरल्यास थोडी घटेल. बॅटरीची हमी किती वर्षांची व किती किलोमीटरांची आहे हें पाहून, जादा रक्कम त्या हमीच्या आंत फिटते कीं नाहीं, हीच अखेरची कसोटी लावावी.

या आंकड्यांवरून मुख्य सिद्धांत निघतो तो हा : अनुदानापेक्षां फेऱ्यांची संख्या मोठी. जो केवळ हंगामापुरती गाडी चालवितो, त्यास सरकारनें कितीही दिलें तरी विजेची गाडी तोट्याचीच पडेल. जो बारमाही रोज चालवितो, त्यास अनुदान न मिळालें तरी वीज योग्य दरानें मिळाल्यास ती फायद्याची होईल. एकट्या लहान शेतकऱ्याजवळ वर्षाच्या अडीचशें फेऱ्यांचा माल नसतो. पण शेजारच्या चारपांच जणांचा मिळून तो सहज होतो. म्हणून ही गाडी एकट्यानें घेण्याची वस्तु नसून गटानें किंवा सोसायटीनें घेण्याची आहे. पाळी, डिझेलऐवजीं विजेचा वांटा, चालकाचा पगार व दुरुस्तीची शिल्लक यांची वही पहिल्या दिवसापासून ठेवावी. मग भांडणास जागा राहत नाहीं.

८. ट्रॅक्टराविषयीं थोडेंसें

जुलै २०२५ मध्यें ठाण्याच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयांत विजेवर चालणाऱ्या ट्रॅक्टरची नोंदणी झाली. तो बनविणाऱ्या कंपनीचा कारखाना भिवंडीकडे आहे. राज्याच्या २०२५ च्या धोरणांत ट्रॅक्टर व कापणी-मळणी यंत्रें यांस कमाल दीड लाख रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. बातमी आपल्या जिल्ह्यास भूषणावह आहे. तथापि घाई करूं नये. एका लिटर डिझेलमध्यें सुमारें दहा युनिटांची उष्णता असते, व इंजिन त्यांपैकीं तीनएक युनिटांचेंच काम देतें. विजेची मोटर मात्र दहांपैकीं नऊ युनिटांचें काम देते. त्या मानानें ३५ युनिटांची बॅटरी धरली तर ती सुमारें दहा लिटर डिझेलइतकें काम करील. चिखलणीच्या दिवसांत, जेव्हां चार दिवसांत सर्वांचींच शेतें उरकावयाचीं असतात, तेव्हां दहा लिटरांवर ट्रॅक्टर थांबवून चालत नाहीं. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून शेतीच्या साध्या ट्रॅक्टरांवरील वस्तु व सेवा करही १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. सबब आमचा सल्ला असा कीं, असें यंत्र प्रथम अवजार-बँकेनें किंवा मोठ्या संस्थेनें घ्यावें, दोन हंगाम त्याची वही ठेवावी, आणि मग इतरांनीं विचार करावा.

९. काय मागावें?

शहरांतील वाहतुकीस सरकारचें लक्ष मिळालें आहे, हें चांगलेंच. ठाणें परिवहन सेवेनें विजेच्या १२३ बसगाड्यांचा करार केला. १३ फेब्रुवारी २०२४ रोजीं ठाण्याच्या खोपट स्थानकांतून एस्. टी.ची बोरिवली-ठाणें-नाशिक ही विजेची बससेवा सुरू झाली. आतां लक्ष मालाकडे वळावें. आमच्या मतें मागण्या तीनच असाव्या : विजेच्या मालवाहू गाडीस मोटारीप्रमाणेंच पथकर-माफी, ज्या बाजार-आवारांत सोय नसेल तेथें माल उतरेपर्यंत गाडी भरण्याची सोय, आणि गटानें घेतलेल्या गाडीस अनुदानांत अग्रक्रम. या मागण्यांस मोठा पैसा लागत नाहीं, व्यवस्था लागते.

ध्यानांत ठेवण्याच्या गोष्टी

(१) मोटार वाहन करांतील माफी ही हिशेबांत धरण्याजोगी आहे; अनुदान हातीं येईपर्यंत धरूं नये.
(२) गाडी ठरविण्यापूर्वीं एक वर्षाच्या फेऱ्या व किलोमीटर वहींत लिहावे. अडीचशेंच्या खालीं फेऱ्या असल्यास भागीदार शोधावा.
(३) वीज कोणत्या दरानें पडेल हें आधीं ठरवावें. शेतीपंपाच्या जोडणीस हात लावूं नये.
(४) भरलेल्या गाडीची एका चार्जिंगमधील चाल स्वतः चढाच्या रस्त्यावर पाहून घ्यावी. छापील आंकड्यावर विसंबूं नये.
(५) विजेची गाडी परवडत नसेल तर जुना टेंपो मोडींत काढून भारत स्टेज सहाची डिझेल वा सीएनजी गाडी घेणें हेंही लाजेचें नाहीं.

सरकारचे कर व सवलती बदलत राहतील. कल्याणच्या बाजाराची वाट व भाजीची पहांट बदलणार नाहीं. ज्यानें आपल्या वाटेचा हिशेब पक्का ठेवला, त्यास प्रत्येक नवी सवलत उपयोगी पडेल. ज्यानें तो ठेवला नाहीं, त्यास सवलतच कर्जांत ओढील.